सही कोणाची, उत्तरदायित्व कोणाचे?

मुंबई-कोलकाता महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला नांदुरा ठाऊक असते ते रस्त्यालगत उभ्या असलेल्या १०५ फूट उंचीच्या हनुमंताच्या मूर्तीमुळे. भाविक क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुढे निघून जातो. त्याच गावातून जळगाव जामोदकडे जाणारा रस्ता धरला, की येरळीला पूर्णा नदी लागते. नदीच्या दोन्ही तीरांवरील जमीन काळी, कसदार, कापसाला मानवणारी. परंतु भूगर्भातील पाणी खारट. हाच तो खारपाणपट्टा. येथे विहीर खणावी तर पाणी मचूळ लागते, ते शेताला द्यावे तर जमीन बिघडते आणि वर्षानुवर्षे पोटात गेले तर माणूस बिघडतो. पूर्णेपलीकडील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांची व्यथा साऱ्या बुलढाणा जिल्ह्याला परिचित आहे. वरून पडणारे पावसाचे गोडे पाणी अडवणे आणि ते शेतापर्यंत पोहोचवणे, एवढाच या भूमीला तरणोपाय आहे.

म्हणूनच नांदुरा तालुक्यातील जिगाव येथे पूर्णेवर मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली. बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांतील सुमारे १ लाख हेक्टर क्षेत्राला पाणी देण्याचा संकल्प त्यामागे होता. संकल्प शुद्ध होता आणि गरज खरी होती. त्यानंतर तीन दशकांचा काळ लोटला. एक पिढी शेती सोडून निवृत्त झाली, दुसरी पुण्या-मुंबईच्या वाटेला लागली. मातीचा भराव उभा राहिला. पण ज्याच्यासाठी तो उभारायचा, ते पाणी लाभक्षेत्रातील शेतकऱ्याच्या बांधावर संकल्पाप्रमाणे पोहोचलेले नाही.

असे का झाले, याचे उत्तर 'भ्रष्टाचार' या एका शब्दात देण्याची सवय समाजाला लागली आहे. तो शब्द उच्चारला की संताप व्यक्त होतो आणि विषय संपतो. जिगावची कथा मात्र याहून अधिक बोलकी आहे. सरकारी कंत्राटाच्या व्यवहारात सर्वोच्च पदावर बसलेल्या व्यक्तीने नेमके काय करायचे असते, तिच्या सहीचा अर्थ काय आणि सही चुकली तर जाब कोणाला विचारायचा, हे या राज्याने आजवर निश्चितच केलेले नाही. खरी व्याधी तेथे आहे.

आकड्यांची चढती कमान

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिगाव प्रकल्पाला पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा अपेक्षित खर्च सुमारे ३९४ कोटी रुपये होता. २००९ च्या सुधारित मान्यतेत तो ४ हजार ४४ कोटींवर गेला, म्हणजे दहापटीहून अधिक झाला. पुढील अंदाजांनी १३ हजार कोटींची मर्यादाही ओलांडली. मूळ आकड्याशी तुलना केली तर ही वाढ तीसपटींहून अधिक भरते.

जिगाव एकटे नव्हते. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची एकत्रित किंमत २००९ मध्ये काही महिन्यांच्या अवधीत ६ हजार ६७२ कोटींवरून २६ हजार ७२२ कोटींवर पोहोचली. ते विधानसभा निवडणुकीचे वर्ष होते, हेही स्मरणात ठेवण्याजोगे आहे. या वाढीची छाननी करण्यासाठी निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमण्यात आली. २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक स्थापन झाले आणि त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही राज्याच्या सिंचन व्यवस्थापनावर ताशेरे ओढले. डिसेंबर २०१४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या उघड चौकशीला अनुमती मिळाली. कागद पुष्कळ झाले. पाणी मात्र त्या वेगाने वाहिले नाही.

येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. किंमत वाढली की प्रत्येक रुपया कोणाच्या तरी खिशात गेला, असे मानणे अज्ञानाचे लक्षण ठरेल. मजुरी, सिमेंट, पोलाद आणि इंधन महागले. उपसा सिंचन योजनांचा व्याप मोठा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्याला न्याय्य मोबदला मिळू लागला, ही स्वागतार्ह गोष्टही खर्चात भर घालणारीच होती. विलंब हा स्वतःच एक मोठा खर्च असतो. पाच वर्षांत संपणारे काम तीस वर्षे रेंगाळले तर प्रामाणिक माणसांच्या हातूनही ते कित्येक पटींनी महाग पडते. परंतु भूमी हाती नसताना, पुनर्वसन झालेले नसताना आणि निधीची तजवीज नसताना कंत्राटे देण्याचा निर्णय कोणी तरी घेतलेला असतो. विलंबही आकाशातून पडत नाही. त्याच्याही टिपणीखाली सही असते.

सही कोठे होते?

सामान्य माणसाच्या मनात सरकारी कंत्राटाचे एक ढोबळ चित्र असते. एक कंत्राटदार, एक अभियंता आणि मध्ये एक पाकीट. प्रत्यक्षात मोठ्या कामाची नस्ती उपविभागात जन्माला येते. उपअभियंता अंदाजपत्रक तयार करतो. ते कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता आणि मुख्य अभियंता यांच्या हाताखालून जाते. दर कसे धरावेत याची दरसूची असते, तांत्रिक मान्यता कोणी द्यावी याचे अधिकार ठरलेले असतात. महामंडळाच्या शिरोभागी कार्यकारी संचालक असतो. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचे अध्यक्षपद जलसंपदामंत्र्यांकडे असते आणि मंत्रालयात विभागाचे सचिव असतात. इतक्या पायऱ्या चढून आलेल्या नस्तीत गडबड शिरते, तेव्हा ती बहुधा तीन दारांतून शिरते. आणि या तिन्ही दारांच्या किल्ल्या कनिष्ठांकडे नसतात.

पहिले दार पात्रतेच्या अटींचे. निविदा कोणी भरायची, किती अनुभव हवा, किती उलाढाल हवी, संयुक्त भागीदारी चालेल की नाही, हे निविदा निघण्यापूर्वीच ठरते. अटींची कात्री योग्य ठिकाणी फिरली, की पुढची स्पर्धा नाममात्र उरते. लग्न ठरल्यानंतर स्थळे पाहण्याचा हा प्रकार असतो.

दुसरे दार निविदा मूल्य अद्ययावत करण्याचे. कंत्राटदाराने भरलेला दर मूळ अंदाजापेक्षा फार चढा असेल, तर तो स्वीकारता येत नाही. वरिष्ठांची मान्यता लागते, कारणे द्यावी लागतात. परंतु मूळ अंदाजच नव्या दरसूचीने वर उचलून ठेवला, की तोच चढा दर मर्यादेत बसतो. दर घटवला जात नाही. ज्या पट्टीने मोजायचे ती पट्टीच आखूड केली जाते. विदर्भातील सिंचन कामांविषयी दाखल झालेल्या गुन्ह्यांत, विशेषतः गोसीखुर्द प्रकल्पाच्या संदर्भात, अशा अवैध मूल्यवाढीचा आरोप वारंवार आढळतो.

तिसरे दार अग्रिम रकमेचे. यंत्रसामग्री उभी करण्यासाठी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याची पद्धत जगभर आहे आणि ती सर्वस्वी गैर नाही. मात्र काम मिळाल्यानंतर अशी सवलत देणे म्हणजे शर्यत संपल्यावर नियम बदलणे होय. सवलत मिळणार हे आधी ठाऊक असते, तर इतर निविदाकारांनीही कमी दर भरला असता.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत एक साधे सूत्र आहे. सामान्य समंजस माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जितका जागरूक असतो, तितकीच जागरूकता अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत बाळगावी, अशी त्या सूत्राची अपेक्षा आहे. खामगाव वा मलकापूरचा कोणताही मध्यमवर्गीय गृहस्थ घर बांधायला काढतो, तेव्हा तो हेच करतो. प्लॉटची कागदपत्रे हाती येण्यापूर्वी तो ठेकेदाराला पैसे देत नाही. तीन ठिकाणी दर विचारतो. भिंत किती उठली ते पाहून हप्ता देतो. जे सूत्र घरच्या कर्त्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही, तेच महामंडळाच्या बैठकीत का विसरले जाते? कारण घरी कर्ता कोण, याविषयी संदेह नसतो. महामंडळात तो संदेह आहे, आणि जिगावच्या प्रकरणाने तो उघड्यावर आणला.

एकच विभाग, दोन शपथपत्रे

जिगावसह अमरावती जिल्ह्यातील निम्न पेढी व रायगड नदी आणि यवतमाळ जिल्ह्यातील वाघाडी अशा चार प्रकल्पांची कंत्राटे एकाच कंपनीला पात्रता नसताना दिली गेली, असा आरोप करणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला अपराध नव्हे, हे लक्षात ठेवूनच पुढील घटनाक्रम पाहिला पाहिजे.

सिंचन प्रकरणांतील याचिकांच्या सुनावणीत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये शपथपत्र सादर केले. १९९९ ते २००९ या काळात जलसंपदामंत्री आणि त्या नात्याने महामंडळाचे अध्यक्ष राहिलेले अजित पवार यांच्याकडे त्यात उत्तरदायित्वाचे बोट दाखवण्यात आले होते. आधार होता महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीतील नियम १० चा. विभागाचा कारभार निकाली काढण्याची प्राथमिक जबाबदारी त्या विभागाच्या मंत्र्याची, असा त्याचा आशय. विदर्भातील कामांना गती देण्यासाठी कार्यकारी संचालकांनी नस्त्या थेट अध्यक्षांच्या कार्यालयाकडे पाठवाव्यात, असा शेरा २००५ मध्ये मारला गेल्याचेही त्या शपथपत्रात नमूद होते.

वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, राज्यातील सत्तेच्या उलथापालथीच्या त्या विलक्षण आठवड्यात विदर्भातील निविदांविषयीच्या नऊ चौकशा बंद करण्यात आल्या. डिसेंबरमध्ये त्याच विभागाचे म्हणणे पुन्हा न्यायालयापुढे आले. आता भूमिका वेगळी होती. काम करणाऱ्या यंत्रणेच्या कृत्यांसाठी अध्यक्षांना जबाबदार धरता येणार नाही, कारण तसे कायदेशीर कर्तव्य त्यांच्यावर नव्हते. या वेळी आधार मिळाला तो नियम १४ चा. कार्यनियमांचे काटेकोर पालन होते की नाही, हे पाहण्याची आणि मोठा भंग झाल्यास तो वर निदर्शनास आणून देण्याची जबाबदारी त्यात सचिवांवर टाकलेली आहे. म्हणजे चूक झाली असेल, तर ती सांगणे हे सचिवांचे आणि कार्यकारी संचालकांचे काम होते.

व्यक्ती दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. लेखाचा प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की एकाच राज्याचा एकच तपास विभाग, तीच कागदपत्रे, तोच कायदा; आणि तेरा महिन्यांच्या अंतराने दोन उलट उत्तरे. पहिल्याने मंत्र्यांकडे पाहिले, दुसऱ्याने अधिकाऱ्यांकडे. यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. पहिल्या शपथपत्रातील शेऱ्याची नोंद खरी मानली, तर काही नस्त्या सचिवांच्या टेबलाला वळसा घालून गेल्या. मग ज्या टेबलावर नस्ती आलीच नाही, त्या टेबलाने धोक्याची घंटा कशी वाजवायची?

नियम १० आणि नियम १४ हे खरे तर परस्परांचे शत्रू नाहीत. मंत्र्याने धोरण ठरवावे आणि त्याचे उत्तर विधिमंडळाला द्यावे. सचिवाने नियमांची राखण करावी आणि गरज पडल्यास लेखी विरोध नोंदवावा, अशी ही जोडरचना आहे. एक बैल गाडी ओढतो आणि दुसरा तोल राखतो. परंतु उत्तरदायित्वाची वेळ आली की दोन्ही बैल मानेवरचे जू एकमेकांकडे सरकवतात, आणि गाडी खड्ड्यात राहते. मधल्या काळात गुन्ह्यांच्या कागदांवर प्रामुख्याने नावे येतात ती कार्यकारी अभियंत्यांची, लेखाधिकाऱ्यांची आणि कंत्राटदारांची. दार ज्याने उघडले तो निसटतो आणि उंबरठ्यावर उभा असलेला सापडतो.

अनुशेषाच्या नावाने

नस्त्या थेट का मागवाव्या लागल्या? कारण सांगितले गेले ते गतीचे. विदर्भाच्या सिंचन अनुशेषाची वेदना खरी आहे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ती आकड्यांत मांडली गेली. संविधानाच्या ३७१ व्या कलमान्वये राज्यपालांवर विशेष जबाबदारी आली. अमरावती विभागातील जिल्हे, त्यात बुलढाणाही आला, या अनुशेषाचे सर्वांत मोठे भोक्ते ठरले. अशा प्रदेशात कोणी गतीची भाषा केली, तर तिला विरोध करणारा विकासाचा विरोधक ठरतो.

नेमका येथेच घात झाला. जेथे भूक मोठी असते, तेथे ताटात काय वाढले जाते हे पाहण्याचे भान कमी होते. अनुशेषाच्या नावाने नियमांना वळसा घातला गेला आणि शेवटी अनुशेषही भरून निघाला नाही. नियम तोडल्याने काम वेगाने झाले असते, तर निदान तेवढा युक्तिवाद तरी शिल्लक राहिला असता. जिगावच्या लाभार्थी गावांना तोही दिलासा नाही. आणि बुडीत क्षेत्रातील चाळीसहून अधिक गावांचे काय? २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी पुनर्वसनाच्या मागणीसाठी जलसमाधी आंदोलन करताना एक प्रकल्पग्रस्त पूर्णेच्या प्रवाहात वाहून गेला. ज्या नदीचे पाणी जीवन देणार होते, तिने एक जीव नेला. तीन दशकांतील कोणत्याही निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात ही किंमत लिहिलेली सापडणार नाही.

लिहिण्याचे आणि नाकारण्याचे धैर्य

या साऱ्या अंधारात दोन गोष्टी आवर्जून नोंदवल्या पाहिजेत. पहिली विजय पांढरे यांची. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता असलेल्या पांढरे यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री आणि राज्यपाल यांना पत्र लिहून राज्याच्या सिंचन कामांतील अनियमितता मांडली. त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी सर्व तज्ज्ञ सहमत झाले असे नाही. परंतु सेवेत असलेल्या एका वरिष्ठ अभियंत्याने स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या सहीने लिहिले, याचा परिणाम केवढा झाला! त्या वर्षी सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका निघाली. शेकडो वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या यंत्रणेत असे लिहिणारा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असावा, यातच व्यवस्थेचे दुखणे दिसते. असहमतीची टिपणी लिहिणे हा उपद्रव आहे असे वरिष्ठांना वाटते, आणि ती लिहिली तर बदली होईल असे कनिष्ठांना वाटते.

दुसरी गोष्ट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना या रस्त्यासाठी आलेली सर्वांत कमी रकमेची निविदा ३ हजार ६०० कोटींची होती. ती देशातील एका बलाढ्य उद्योगसमूहाची होती. सर्वांत कमी निविदा स्वीकारली असती, तर नियमाने कोणी बोट ठेवले नसते. तरीही ती नाकारण्यात आली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने कामाचे भाग पाडून नव्याने निविदा मागवल्या आणि सुमारे १,६०० कोटींत रस्ता उभा राहिला. २००२ मध्ये तो पूर्णतः वाहतुकीस खुला झाला. नेतृत्वाचा अर्थ येथे कळतो. होकाराची सही करायला अधिकार पुरतो. नकाराची सही करायला किंमत ठाऊक असावी लागते, पर्याय हाताशी असावा लागतो आणि परिणाम अंगावर घेण्याची तयारी असावी लागते.

अर्थात एका धैर्यवान मंत्र्यावर वा एका निर्भय अभियंत्यावर राज्य चालू शकत नाही. कौटिल्याला हे ठाऊक होते. अर्थशास्त्रात त्याने राजकोशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवले. प्रत्येक कार्यालयावर एकापेक्षा अधिक प्रमुख असावेत आणि कोणीही एका जागी कायमचा राहू नये, असे त्याने सुचवले. माणसाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवावा, पण कोशाची किल्ली त्या विश्वासावर टांगू नये, हे त्यामागचे मर्म. या भूमीत राज्यशास्त्र इतके सूक्ष्म झाले होते, आणि आजचे राज्य मात्र सहीचा अर्थ शोधण्यासाठी शपथपत्रांच्या आधाराने चाचपडत आहे.

शासन निर्णयावर किती काळ?

अनेकांना वाटते की संगणक आला आणि प्रश्न सुटला. ई-निविदा आली, केंद्राचे ई-बाजारपेठेचे संकेतस्थळ ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले, डिसेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्रानेही वस्तू खरेदीची सुधारित कार्यपद्धती शासन निर्णयाने लागू केली. या सुधारणा उपयुक्त आहेत. लिफाफे पळवणे, निविदा भरायला आलेल्याला दारातच अडवणे, हे जुने प्रकार त्यामुळे आटोक्यात आले. परंतु यंत्र लिफाफा प्रामाणिकपणे उघडते; लिफाफ्यातील अटी माणूसच लिहितो. पात्रतेची कात्री, मूल्याची पट्टी आणि अग्रिमाची सवलत, ही तिन्ही दारे संगणकाच्या बाहेरच राहतात.

तमिळनाडूने १९९८ मध्ये निविदा पारदर्शकतेचा कायदा केला, कर्नाटकाने १९९९ मध्ये. या कायद्यांत निविदा मागवणारा अधिकारी, छाननी समिती आणि स्वीकारणारा अधिकारी अशी स्वतंत्र पदे आहेत. अपिलाची तरतूद आहे. राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचा कायदा केला. त्याच वर्षी केंद्रात मांडले गेलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने व्यपगत झाले. कायदा असलेल्या राज्यांत गैरव्यवहार होत नाहीत असे मुळीच नाही. पण तेथे गैरव्यवहार झाला, तर कोणाच्या कर्तव्याचा भंग झाला हे कायद्यात पाहता येते. महाराष्ट्रात हा सारा व्यवहार शासन निर्णय, परिपत्रके आणि नियमपुस्तिका यांच्यावर चालतो. शासन निर्णय ज्याने काढायचा, त्यालाच तो शिथिल करता येतो, ही त्याची मूळ दुर्बलता आहे.

महाराष्ट्राने स्वतःचा सार्वजनिक खरेदी व कंत्राट कायदा करावा, ही मागणी आता नेटाने पुढे आली पाहिजे. त्यात चार गोष्टी अटळ असाव्यात. महामंडळाच्या अध्यक्षपदी मंत्री राहिले, तरी एखाद्या विशिष्ट निविदेत त्यांना हस्तक्षेप करता येऊ नये. आणि त्यांनी तोंडी वा शेऱ्याने हस्तक्षेप केलाच, तर तो सकारण व लेखी असावा व त्याची जबाबदारी त्यांच्याच नावावर राहावी. सचिव आणि वित्त विभाग यांना वळसा घालणारी नस्ती कायद्यानेच निरर्थक ठरावी. भूमीचा ठरावीक हिस्सा हाती आल्याशिवाय आणि पुनर्वसनाचा आराखडा प्रत्यक्ष कार्यान्वित झाल्याशिवाय कार्यादेश निघू नये. आणि असहमतीची टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची मुदतपूर्व बदली होऊ नये. बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा कायदा या राज्यात आहेच. त्यातील अपवादांची पळवाट बुजवणे एवढेच काम उरते.

अशा कडक नियमांनी अधिकारी घाबरतील, सही करणेच टाळतील आणि कामे ठप्प होतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. चौकशीच्या भयाने नस्ती फिरवत ठेवणारे अधिकारीही विलंबाचे भागीदार असतात. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून प्रामाणिक निर्णयांना संरक्षण देण्याचा प्रयत्न झाला, तो याच विचाराने. परंतु भय संदिग्धतेतून जन्मते. आपली मर्यादा कोठवर आणि दुसऱ्याची कोठून, हे स्पष्ट असेल, तर प्रामाणिक अधिकारी निर्धास्तपणे सही करतो. आजच्या धूसरतेत धूर्त माणूस सुरक्षित आहे आणि सरळ माणूस भयभीत. स्पष्ट कायदा हे चित्र उलटे करील.

जागल्याचे काम

१९९९ पासून या राज्यात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. विरोधात असताना सिंचनाच्या फायली बैलगाडीत घालून मिरवायच्या आणि सत्तेत आल्यावर समीकरणांच्या सोयीने त्या बासनात बांधायच्या, हा मोह कोणालाच चुकलेला नाही. ज्यांनी स्वच्छ कारभाराचे वचन देऊन मते मागितली, त्यांच्याकडून अपेक्षा अधिक आहेत आणि म्हणून त्यांना विचारायचा प्रश्नही अधिक धारदार असला पाहिजे. विचाराने जवळ असलेल्या सत्तेला प्रश्न विचारणे हा द्रोह नसतो. घरातील वडीलधाऱ्यांनी हिशेब मागावा, तसा तो अधिकार असतो.

कार्यकर्त्यांनी आणि सुशिक्षित कुटुंबांनी या विषयाकडे तांत्रिक म्हणून पाठ फिरवू नये. गावात उत्सव उत्तम होतात, रक्तदान शिबिरे होतात, दुष्काळात टँकर पोहोचवले जातात. त्या सेवेला तोड नाही. परंतु टँकर पोहोचवणाऱ्या हातांनी टँकरची वेळ का आली, हेही विचारले पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. निवृत्त अभियंते, लेखापाल, बँक कर्मचारी प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. एखाद्या तालुक्यात अशा दहा जणांनी एकत्र बसून एकाच प्रकल्पाचे मान्यतेपासून देयकापर्यंतचे कागद वाचले, प्रत्येक टिपणीखालील पद लिहून काढले आणि तो तक्ता ग्रामसभेत लावला, तर कोणत्याही मोर्चापेक्षा त्याचा धाक अधिक वाटेल. सही करणाऱ्याला ती वाचणारा कोणी आहे, हे कळले पाहिजे.

गावगाड्यात जागल्या रात्री फिरत असे. त्याच्याकडे शस्त्र फारसे नसे. आवाज मात्र असे. तो जागा आहे, एवढे कळले तरी चोराचे पाऊल थबके.

पावसाळ्यात येरळीच्या पुलाखालून पूर्णा आजही दुथडी भरून वाहते आणि तिचे गोडे पाणी तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. दोन्ही तीरांवर खाऱ्या विहिरी तशाच उभ्या आहेत. या पाण्याच्या वाटेत कोणाकोणाच्या सह्या आडव्या आल्या, याचे उत्तर तीस वर्षांत मिळालेले नाही. पुढच्या प्रत्येक सहीखाली एक स्पष्ट नाव आणि त्या नावामागे एक निश्चित कर्तव्य लिहून घेणे, एवढे तरी या पिढीच्या हाती आहे.